चौथ्या मण्यानंतर

कुफ्रिंजाच्या खोऱ्यात कोरोनाच्या वर्षाआधी 'मनाआ' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. डॉक्टर वापरत असतील, वापरोत. खोऱ्यातल्या माणसांना त्याच घराण्यातला दुसरा शब्द चांगला ओळखीचा होता : 'ममनूअ', म्हणजे मनाई. मार्चमध्ये पोलिसांची गाडी भोंगा वाजवत चढ चढून आली तेव्हा तिनंही तोच ऐकवला. घराबाहेर पडणं ममनूअ, लग्नाची पंगत ममनूअ, मयताला गर्दी ममनूअ. मग जैतुनं, म्हणजे ऑलिव्ह, उतरवायचे दिवस आले तोवर रेडिओनं लोकांना मनाआ शिकवली. ती म्हणजे शरीरानं दारात उभं राहून आजाराला केलेली मनाई. एवढं कळलं आणि वाणी मनाआ विकायला लागला, औषधवाला विकायला लागला. ज्याच्या परसात पेरूचं झाड होतं त्यानं पानांच्या जुड्या बांधून रस्त्यावर मांडल्या.

हज्जा फिद्दानं हा शब्द घरात घेतला आणि नव्या सुनेसारखा कामाला जुंपला. सकाळी उठल्याबरोबर प्रत्येकाच्या तोंडात नव्या जैतूनतेलाचा एक चमचा, मनाआ. शेगडीवर पेरूची पानं दिवसभर उकळत, मनाआ. लसणाची पाकळी चावताना नातवंडं तोंड वाकडं करत, तर ती म्हणे, "वाकडं झालं तरी चालेल, जिवंत असलं म्हणजे झालं."

घर दोन मजल्यांचं होतं. खाली हज्जा, तिचा धाकटा मुलगा नायेफ आणि त्याची बायको शुरूक. वर थोरला मुअतज, त्याची बायको रुदैना, दोन मुलगे आणि सात महिन्यांची जुमाना. मोठा मुलगा लैस, म्हणून रुदैनाला सगळे उम्म लैस, लैसची आई, म्हणत. जिना बाहेरून, दगडी. वरच्या खिडकीखाली त्याला एक चौथरा होता आणि तिथं बसलं की खालचं अंगण, रस्ता आणि वरच्यांची भांडणं असं तिन्ही एकाच जागी मिळे. हज्जाची बैठक तिथंच असायची.

रुदैना ही हज्जाच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणून सून झाल्यावरही तिला आत्याच म्हणत आली. तिचं लग्न ती पाळण्यात असतानाच ठरलेलं होतं. हज्जानं स्वतःच्या हातातलं चांदीचं कडं काढून पाळण्यात टाकलं होतं आणि म्हटलं होतं, "ही माझ्या मुअतजची." लोक हसले, मिठाई खाल्ली, विसरले. हज्जा मात्र विसरली नाही. अठरा वर्षांनी इर्बिदच्या नर्सिंग कॉलेजच्या यादीत रुदैनाचं नाव लागलं, त्याच आठवड्यात ती भावाकडे गेली. बसून कॉफी घेतली आणि कड्याची आठवण करून दिली. आवाज चढवला नाही, रडली नाही. रुदैनाचे वडील म्हणाले, "शब्द गेलाय, बेटा." विषय संपला.

मुअतज वाईट नव्हता. शाळेची बस चालवायचा, कुणी बघत नसेल तेव्हा भांडीसुद्धा विसळायचा. हीच पंचाईत होती. वाईट नवऱ्याबद्दल तक्रार तरी करता येते.

शुरूकला नऊ वर्षं मूल नव्हतं. त्या नऊ वर्षांत खोऱ्यातल्या बायकांनी तिला जेवढे उपाय सांगितले तेवढे एखाद्या हकिमाकडेही नसतील. आणि प्रत्येक उपायाबरोबर एक नजर, ती फुकट. मग औस झाला. दिवसांच्या आधी झाला, पावाच्या लादीएवढा, पण झाला. हज्जानं अक्रोड पेरलेल्या करावयाच्या, बाळ झालं की वाटतात त्या खिरीच्या, थाळ्या दारोदार पाठवल्या, रोगाची भीती न बाळगता. आणि त्याच दुपारी, सगळे बसलेले असताना, तेच चांदीचं कडं तिनं रुदैनाकडून मागून घेऊन जुमानाच्या मनगटात सरकवलं. कडं कोपरापर्यंत गेलं. "ही माझ्या औसची. दोन भावांची घरं आणि जैतुनांचे दोन बांध एकत्र राहतील." नायेफ आणि मुअतजनं हात उचलून फातिहा वाचली, म्हणजे सोयरीक पक्की. मुअतजनं वाचताना बायकोकडे बघितलं नाही. रुदैना थाळीतला अक्रोड हातात धरून बसली होती, तो तिनं खाल्ला नाही.

ऑक्टोबरात वरचा मजला आजारी पडला. हज्जा खालून दोरीला टोपली बांधून डाळ-भाताची मुजद्दरा आणि ताप उतरवायच्या गोळ्या पाठवत राहिली. टोपली वर गेली की ती खालून ओरडून विचारी, "वास येतो का?" वरून उत्तर येई, "नाही." "मग मीठ जास्त झालंय ते कळणार नाही. खा." तीन आठवड्यांत सगळे उठले. आणि उठले ते भाव वाढूनच. आतापर्यंत ज्यांच्या दाराला हात लावायला लोक धजत नव्हते, त्यांच्याकडे आता 'मनाआवाले' म्हणून आदरानं बघू लागले. गॅसची टाकी आणायला, म्हाताऱ्यांना इंजेक्शनला न्यायला, सगळ्यांना मुअतजच हवा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जैतुनांखाली चादरी अंथरलेल्या असताना, शुरूक झाडाखालीच बसली आणि तिला उठता येईना. दुसऱ्या दिवशी इर्बिदच्या इस्पितळात तिला ऑक्सिजन लावला. नायेफलाही लागण निघाली, ताप मात्र नाही. तो खालच्या खोलीत बंद झाला. औसला उचलून वर नेला, कारण वर मनाआ होती. हज्जा मध्येच लटकली. खाली लागण म्हणून खाली जाता येईना, आपल्याबरोबर ती बाळाकडे जाईल म्हणून वर जाता येईना. मग मेंढीच्या कातड्याचा फरवा पांघरून ती चौथऱ्यावर बसली, तोंडावर रुमाल, हातात जपमाळ. तिथंच तिचा मुक्काम पडला.

औस बाटली घेईना. घेतली तरी अर्धी अंगावर ओकायचा. शेगडीची ऊब असूनही त्याचे पाय गार असायचे. अशात नायेफनं बंद खोलीतून वर फोन केला, हातात औस होता म्हणून रुदैनानं तो स्पीकरवर घेतला.

"उम्म लैस, मी वाचलंय, ज्या आईला कोरोना होऊन गेलाय तिच्या दुधात मनाआ उतरते म्हणे. तयार, ताजी. लस अजून यायचीय, तिचे दोन डोस लागणार म्हणतात. आणि इथं वरच्या मजल्यावर..." तो अडखळला. "तुम्हाला सांगायला लाज वाटते मला. पण मुलगा आहे माझा."

रुदैनाच्या छातीत दूध आलंच होतं, त्याचं रडणं ऐकूनच. तिनं ओढणी सारखी केली आणि खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर जपमाळ थांबली होती.

"नाही," हज्जा म्हणाली.

"आत्या, मुलगा उपाशी आहे."

"ते दिसतंय मला. पण दूध पाजलंस तर तो जुमानाचा भाऊ होईल. मग लग्न ममनूअ. फातिहा वाचलीय आपण."

दुधाचं नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं, हे खोऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत. कुणी किती पाजलं की नातं लागतं, यावर मात्र दर घराचं मत वेगळं. तेव्हा मशिदीतल्या शेख मुतलकना फोन लावला आणि चौथऱ्याच्या कठड्यावर मोठ्या आवाजात ठेवला. खालून नायेफ दाराच्या फटीला कान लावून, वरून रुदैना खिडकीत.

"पाच वेळा," शेख म्हणाले. "वेगवेगळ्या वेळी, पोट भरेपर्यंत. पाचवं झालं की तो तिचा मुलगा, आणि तिची मुलं त्याची भावंडं. चारपर्यंत काही नाही."

हज्जाच्या डोळ्यांत चमक आली. "आणि वाटीत काढून चमच्यानं दिलं तर?"

"हज्जा, दूध पोटात जातं. वाटीला नातं लागत नाही."

"म्हणजे तेच?"

"तेच."

"आणि मोजायचं कुणी?"

"जिनं पाजलं तिनं. तिचा शब्द पुरे."

"तिचा शब्द," हज्जा म्हणाली, आणि खिडकीकडे असं बघितलं जसं वाण्याच्या तराजूकडे बघतात.

"मग चार," नायेफ खालून म्हणाला. "यम्मा, चार डोस. लशीच्या दुप्पट."

संध्याकाळी शुरूकचा फोन आला. ऑक्सिजनचा फुसफुसाट आधी ऐकू आला, ती नंतर.

"नायेफनं सांगितलं मला."

"तू म्हणशील तसं, शुरूक."

"पाज. चार वेळा." ती थांबली, श्वास गोळा केला. "चारच. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांची मावशी होते, रुदैना. आता एकानं मला यम्मा म्हणायचंय. त्यात वाटेकरी नको."

"चारच."

"त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांग."

रुदैनानं हात ठेवला. टाळू धडधडत होती. "चारच," ती म्हणाली.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा औसनं इतक्या जोरात ओढलं की रुदैनाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर चौथऱ्यावर हज्जानं एक मणी पलीकडे सरकवला आणि बोटानं दाबून धरला. पहाटे दुसरा. दुपारी तिसरा. पोराच्या पायात ऊब आली. चौथ्याला तो पिता पिता झोपला आणि झोपेत हसला.

बातमी अर्थातच रस्त्यावर पोचली. शेजारचा अबू सख्र, मास्क हनुवटीखाली, कुंपणाशी उभा राहिला.

"उम्म लैस, म्हणे मनाआ वाटतेस. माझ्या डोळ्यांत दोन थेंब टाक की. पूर्वी डोळ्यांना हेच घालायचे. तिथून छातीत उतरेल."

"तुझ्या डोळ्यांना आधीच गरजेपेक्षा जास्त दिसतं, अबू सख्र," हज्जा चौथऱ्यावरून म्हणाली. "मास्क वर घे. तुझी मनाआ तिथंय."

"मास्क वर घेतला तर सिगारेट कुठून ओढू?"

"तेच म्हणतेय."

तो खोकत, हसत गेला. रुदैना खिडकीमागे हसली, आणि मग तिला आठवलं की चार झाले.

पाचव्या वेळी शुक्रवार होता, म्हणजे दिवसभर संचारबंदी. खोरं इतकं गप्प होतं की जैतुनं गळून चादरींवर पडताना ऐकू येत होती. मुअतज मुलांना घेऊन गच्चीवर गेला होता. मशिदीतून अजान झाली आणि शेवटी ती नवी ओळ आली, आपापल्या घरीच नमाज पढा. औस रडायला लागला.

बाटली भरलेली होती. कोमट होती. हातभर अंतरावर, शेगडीजवळ होती. हे रुदैनाला पुढंही कायम आठवत राहिलं, कारण पुढं कुणी तिला विचारलं असतं की मुलगा मरत होता का, तर खरं उत्तर 'नाही' हे होतं. तो भुकेला होता. थोडा वेळ ओरडला असता, मग बाटली घेतली असती. आदल्या रात्री घेतलीच होती.

पलीकडे गादीवर जुमाना झोपली होती. हात उघडे, मनगट रिकामं. चांदीचं कडं तिच्या मापाचं होईपर्यंत कपाटात ठेवलेलं होतं. रुदैनाच्या मनात आलं, ते मापाचं होईलच. कडी वाढत नाहीत, मुलीच वाढतात. मग एक दिवस इर्बिदच्या कुठल्याशा यादीत हिचंही नाव लागेल आणि खालून कुणीतरी कॉफी प्यायला वर येईल. औस कदाचित चांगला निघेल, भांडी विसळील.

तिनं औसला उचललं. बाटलीकडे बघितलं. मग पाठ बाटलीकडे केली आणि त्याला ओढणीखाली घेतलं.

रडणं एकदम थांबलं. बाटलीनं कधी असं थांबत नसे. बाटलीला तो आधी शिव्या देई, मग दोन घोट, मग पुन्हा शिव्या. बाहेर जपमाळेचा आवाजही थांबला. औस मात्र निवांत पीत होता, पोट भरेपर्यंत, वेगळ्या वेळी, शेखनं सांगितलं होतं अगदी तसं.

बऱ्याच वेळानं हज्जा म्हणाली, "झोपला?"

"झोपला, आत्या."

"बाटलीनं?"

रुदैनानं औसला गादीवर ठेवलं, जुमानाशेजारी. "झोपला," ती पुन्हा म्हणाली.

बाहेर मणी सरकल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर औस बाटलीवर राहिला. गच्च धरून पिऊ लागला, अंग धरू लागला. नायेफ खालून रोज विचारी आणि रोज म्हणे, "बघा, मनाआ." औसला ना ताप आला, ना खोकला. दुधानं की नशिबानं, ते ठरवायला खोऱ्यात कुणाकडे यंत्र नव्हतं. शेजारी अबू सख्रला ना दूध मिळालं ना त्यानं मास्क वर घेतला. आठवड्याभरात तो गेला. चार माणसं त्याला घेऊन गेली, चौघेही आधी आजारी पडून उठलेले, त्यात मुअतज. एरवी अबू सख्रच्या मयताला अर्धं खोरं आलं असतं आणि अर्ध्यानं त्याचेच विनोद त्यालाच ऐकवले असते. हज्जा चौथऱ्यावर उभी राहिली, चौघं वळणाआड जाईपर्यंत. मग खाली बसून म्हणाली, "दोन थेंब मागितले होते त्यानं. थट्टेवारी नेलं मी." त्या दोन थेंबांनी काही झालं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं.

शुरूक डिसेंबरात घरी आली. नायेफनं तिला हातांवर उचलून आणलं, कारण अंगणातल्या तीन पायऱ्यांना तिला तीनदा थांबावं लागलं असतं. चेहरा उतरलेला, हातांवर सुयांचे निळे डाग, आणि छाती कोरडी. इस्पितळात पहिल्या दोन दिवसांत दूध दाटून तिला ताप चढला होता, मग आटलं ते आटलंच.

त्या सकाळी, तिला वर आणायच्या आधी, हज्जा आजारपणानंतर पहिल्यांदा रुदैनाच्या स्वयंपाकघरात शिरली आणि दार लोटलं.

"ती आज विचारेल," हज्जा म्हणाली. "तू चार म्हण."

"आत्या, तुम्ही ऐकलंत."

"म्हाताऱ्या कानांना काय ऐकू येतं? माझ्या माळेत चार मणी सरकले. पाचवा मी सरकवला नाही."

"आणि लग्न? भावा-बहिणीचं लावाल?"

"अल्ला माफ करो. ते मी मोडेन. कडं मीच दिलं, मीच परत घेईन. म्हणेन म्हातारीचं मन बदललं, म्हणेन स्वप्न पडलं. तुला हवं ते तुला मिळेल." हज्जानं तिच्या दंडाला धरलं. "पण तिला पाच सांगू नकोस. तिचा श्वास गेलाय, दूध गेलंय. एवढं एकच राहिलंय तिच्याकडे."

रुदैनानं आत्याकडे बघितलं. सौदा चांगला होता. यात कुणाचं काही बुडत नव्हतं. फक्त तो एका म्हाताऱ्या बाईच्या शब्दावर टिकणार होता, आणि त्या बाईच्या छातीत हिवाळा सुरू झाल्यापासून घरघर होती. ती गेली की मागं दोन भाऊ उरणार होते, त्यांनी वाचलेली फातिहा, आणि कपाटातलं कडं. भाऊ म्हणतील, यम्माची इच्छा होती. आणि दुधाचं कुणालाच माहीत नसेल.

"तुमच्या शब्दावर माझं लग्न झालं, आत्या," ती म्हणाली.

हज्जानं तिचा दंड सोडला.

शुरूकला शेगडीजवळ बसवलं, पाठीला उशा. नायेफ दारात, मुअतज त्याच्या मागे. रुदैनानं औसला तिच्या मांडीवर ठेवलं. औसनं तिच्याकडे बघितलं, मास्ककडे बघितलं, ओठ काढले आणि मागं वळून रुदैनाकडे हात केले.

शुरूकनं मास्क खाली ओढला. "मी आहे रे," ती म्हणाली. "एवढ्यात विसरलास?"

तो रडायला लागला. ती त्याला झुलवत राहिली, पण झुलवायलाही श्वास लागतो. थोड्या वेळानं तिनं मान वर केली.

"किती?"

हज्जाच्या हातात माळ होती. तिनं ती मुठीत घेतली.

"पाच," रुदैना म्हणाली.

नायेफनं दाराची चौकट धरली. मुअतजनं खाली बघितलं, पण थेट जमिनीकडे नाही, पलीकडे खेळणाऱ्या जुमानाकडे.

"तो बाटली घेत नव्हता?" शुरूकनं विचारलं. तिनं वाट काढून दिली होती, रुदैनाला ते कळलं.

"घेत होता. बाटली शेजारीच होती. भरलेली. मी जुमानासाठी पाजलं. तो भाऊ झाला की तिला कुणी मागणार नाही म्हणून. तुझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता मी, आणि तरी पाजलं."

औस रडतच होता, शेगडीवर पेरूची पानं उकळत होती.

"मला विचारायचं होतंस," शुरूक म्हणाली. ओरडली नाही, ओरडण्याएवढी हवा तिच्याकडे नव्हती. एकेक वाक्य ती उतरवून ठेवत होती, जड भांडी ठेवावीत तसं. "मी कुठं पाळण्यातली सून मागितली होती? मीपण त्या दिवशी करावया गिळत बसले होते. तुला लग्न मोडायचंय म्हणाली असतीस तर मीच म्हटलं असतं, पाज पाच, पाज पन्नास. पण तू मागितलं नाहीस. घेतलंस."

"हो."

"सगळे तुझं मोजत बसलात. यम्मा मणी मोजतायत, नायेफ डोस मोजतोय, शेख मोजतायत. मी चार महिने पाजलं त्याला. रात्री उठून, रडत, स्तनांना चिरा पडल्या तरी. माझं कुणी मोजलं का?"

हज्जानं तोंडावरचा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला.

औस आता लालबुंद झाला होता. शुरूकनं ओढणीखाली हात घातला, त्याला छातीशी लावलं. त्यानं तोंड लावलं, ओढलं, पुन्हा ओढलं, मग फसवल्यासारखा डोकं मागं टाकून किंचाळला. शुरूकनं ओढणी सारखी केली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"घे," ती म्हणाली.

रुदैना जागची हलली नाही.

"घे म्हणते ना. पाचव्यापासून तुझाही आहे. उपाशी ठेवून काय उलटं फिरणारेय?"

"बाटली करते."

"बाटली नको." शुरूकनं मूल पुढं केलं. हात लगेच थरथरू लागले, म्हणून रुदैनाला पटकन पुढं व्हावंच लागलं. "इथं बस. माझ्यासमोर. पाठ करून नाही."

रुदैना तिच्यासमोर जमिनीवर बसली. पुरुष दारातून बाजूला झाले. रडणं थांबलं, तसंच, एकदम. शुरूक वाकून बघत होती. औसचा एक पाय दुपट्यातून बाहेर आला होता, तो तिनं मुठीत धरला, आणि तो पीत होता तोवर धरून ठेवला.

"तुला तो उम्म लैस म्हणेल," ती म्हणाली. "बाकीच्यांसारखा. यम्मा मी."

"यम्मा तू."

"आणि रात्री उठायचं तू. जिना चढायचा मला दम नाही."

"उठेन."

"मी अजून माफ केलेलं नाही."

"माहितेय."

हज्जा उठली, गुडघ्यावर हात ठेवत कपाटापाशी गेली. जुन्या कपड्यांखालून तिनं कडं काढलं, खिशात टाकलं आणि जाताना जुमानाच्या डोक्यावरून हात फिरवला. जुमानानं तिची जपमाळ पकडली. हज्जानं सोडवून घेतली नाही. माळ पोरीच्या हातात देऊन ती बाहेर चौथऱ्यावर जाऊन बसली, उन्हात, रिकाम्या हातांनी.

आत जुमाना मणी तोंडात घालून बघत होती. शुरूकनं मास्क पुन्हा नाकावर चढवला आणि आतूनच म्हणाली, "तिच्या तोंडातून काढ ते. गिळेल."